सदतिसावरचा घोडा

चांदूर बाजारचे किसनराव तायडे बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे बुद्धिबळाच्या पटाला त्यांनी सीट नंबर दिलेले होते. पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसणाऱ्याच्या डाव्या हाताचं कोपऱ्यातलं घर एक नंबर, उजव्या हाताचं आठ, दुसरी ओळ नवापासून, आणि असं वर चढत चढत पलीकडच्या कोपऱ्यात चौसष्ट. गाडीत सीटा चव्वेचाळीस. म्हणून पंचेचाळीसपासून पुढच्या घरांना ते 'उभे पॅसेंजर' म्हणत. समोरच्याचा राजा किल्लेकोट करून कोपऱ्यात गेला की चष्म्यावरून पाहत म्हणायचे, "त्रेसष्टवर उभा आहे बाप्पा, दांडा धरून. ब्रेक मारला की पडते."

शिकलेली माणसं घरांना इंग्रजी अक्षरं लावतात. स्पर्धेच्या कागदावर आम्हीही पुढं तशीच लिहायला शिकलो, पण आमच्या दोघांच्या तोंडी शेवटपर्यंत नंबरच राहिले. तुम्हाला ही गोष्ट कळायला दोन-चार नंबर लागतील, ते मी येतील तिथं सांगीन.

मी होले, माळी माणूस. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो, मग शेवंती, झेंडू, वांगी आणि गिलके यांच्यातच जन्म गेला. चाळीस वर्षांपूर्वी पहाटेच्या गाडीनं मी अमरावतीला फुलांचे गठ्ठे न्यायचो. एक दिवस नवा कंडक्टर आला. उंच, काळा, खिशाला पेन लावलेला. त्यानं माझ्या गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.

"फुलांचं कोनी लगेज घेत नाई," मी म्हणालो.

"फुलांचं नाई घेत. पोत्यात जे पानी भरून आनलं, त्याचं घेतो."

खरं होतं. फुलं ताजी राहावी म्हणून पोती भिजवलेली होती आणि पाणी गाडीच्या टपावरून गळत होतं. अमरावतीला उतरल्यावर फुलं विकून मी स्टँडवर परत आलो तर हा माणूस लिंबाखाली टिनाची पेटी उलटी ठेवून तिच्यावर पट मांडून एकटाच बसलेला. परतीच्या गाडीला दोन तास वेळ होता. मला म्हणाला, "येते काय?" मी म्हणालो, नाही. म्हणाला, "बस मंग."

दीड वर्ष मी एकही डाव जिंकलो नाही आणि लगेजही एकदा माफ झालं नाही.

किसनरावांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घरात सरकारी नोकरी लागलेले किसनराव पहिले. पहिला पगार आला तेव्हा त्यांनी आईला लुगडं, वडिलांना चष्मा आणि स्वतःला पट घेतला, असं त्यांच्या पत्नी ललितावहिनी अजून सांगतात, आणि सांगताना पटाचं नाव जरा ओठ मुरडून घेतात. खेळ त्यांना शिकवला बाजारातल्या रज्जाक टेलरनं. रज्जाकमियाँ शिलाई मशीनवर कापड दाबून धरत, एक डोळा सुईवर ठेवत आणि दुसऱ्या डोळ्यानं खेळत. दोनशे डाव त्यांनी किसनरावांना हरवलं, आणि दोनशे वेळा कुठं चुकलं ते सांगितलं नाही. विचारलं की हसायचे, "बेटा, हारते रहो, मालूम पड़ जाएगा."

त्याच रागातून किसनरावांनी एक रीत काढली. तिला ते फेरतपासणी म्हणत. डाव संपला की सोंगट्या डब्यात जाणार नाहीत. पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या आणि तोच डाव चाल-चाल करून परत खेळायचा. हरणारा आधी बोलणार: माझा हात कुठं सुटला. मग जिंकणारा बोलणार, आणि त्यानं एकच सांगायचं: मला भीती कुठं वाटली. जिंकणाऱ्याला भीती वाटलेली जागा म्हणजे हरणाऱ्याच्या हातातून गेलेली संधी. ती सांगणं म्हणजे पुढच्या वेळी आपलाच गळा कापायला सुरी देणं. पण सांगायचं. वहीत तारीख घालून लिहायचं.

"डावात खोटं चालते," ते म्हणायचे. "इकडं हात दाखवाचा अन् तिकडून माराचं, त्यालेच डाव म्हनते. पन फेरतपासणीत जर खोटं बोललो, तं मंग आपन दोघं म्हातारे लाकडाचे घोडे घेऊन काहून बसलो?"

आणि ते तसं वागत होते, हे मी शपथेवर सांगीन. एकदा मला हरवल्यावर म्हणाले, "तू जर हत्ती तिथंच ठेवला असता तर माहं काही खरं नोतं." पुढचे तीन गुरुवार मी हत्ती तिथंच ठेवला आणि तीनही डाव जिंकलो. तिसऱ्या हरण्यानंतर त्यांनी आत आवाज दिला, "ललिता, होल्याले गिलक्याचे भजे कर. हा गडी ऐकते." गिलके मीच आणलेले होते, पण मान त्यांचा.

गुरुवार अशासाठी की गुरुवारी गजानन महाराजांच्या हारांना फुलं लागतात. सकाळी मी चांदूर बाजारात माल टाकायचो आणि अकराला मोकळा. ते रिटायर झाल्यावर लिंबाखालचा पट त्यांच्या ओसरीवर आला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली सतरंजी, बाजूला वह्यांची थप्पी. मी गेलो की "जय भीम किसनराव" म्हणायचं, त्यांनी "ये रे होले" म्हणायचं, आणि तीनपर्यंत जगाचं काही विचारायचं नाही.

स्पर्धा खेळायला मात्र मी जायचो, ते नाही. साठ वर्षांवरच्यांच्या स्पर्धा अमरावतीला होतात, अकोल्याला होतात. किसनराव म्हणायचे, "ते टिकटिक करनारं घड्याळ बाजूले ठेवलं की मले डबल बेल आठवते. हात आपोआप दोरीकडं जाते." ते माझ्यासोबत यायचे. थर्मास आणि वही त्यांच्याजवळ. मी खेळायचो, ते भिंतीला टेकून उभे राहून पाहायचे, आणि बाहेर आल्यावर कट्ट्यावर आमची फेरतपासणी व्हायची. माझ्या घरी तीन कप आहेत. त्यातला अकोल्याचा सगळ्यांत उंच, नातवंडं त्यात पेन ठेवतात.

आता त्या डावाकडे येतो.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरात अमरावतीला माझी गाठ अकोल्याच्या जीवनराव खोडक्यांशी पडली. रिटायर तहसील कारकून, पांढरा सदरा, सावकाश बोलणं. डाव तीन तास चालला. माझं चांगलं होतं, मग बरं होतं, मग मेलो. अठ्ठावन्नाव्या चालीला हात मिळवला. परतीच्या गाडीत किसनराव एकच वाक्य बोलले: "तुहा डाव तेराव्या चालीत गेला, तुले पंचेचाळिसाव्यात कळलं."

त्या एका डावावर आम्ही आठ-दहा गुरुवार बसलो. तेराव्या चालीला मी उंट मागे घेतला होता, भिऊन. तिथं उंट मागे घ्यायचा नव्हता, तो छप्पनवर मारायचा होता. छप्पन म्हणजे काळ्याच्या राजाच्या नाकासमोरचं प्यादं. उंट फुकट जातो, पण राजाला बाहेर यावं लागतं. मग घोडा एकोणचाळीसवर, शह. राजा मागे गेला तर माझा वजीर येतो आणि खेळ खलास. राजा पुढे आला, सत्तेचाळीसवर, उभ्या पॅसेंजरांच्या गर्दीतून वाट काढत, तर माझा वजीर एकतिसावर येतो आणि उघड्यावरच्या राजाला घोड्यामागून निशाण्यावर धरतो. आम्ही दोन्ही वाटा पन्नास वेळा पाहिल्या. काळा मरत होता.

माझा मुलगा मनोज अमरावतीला क्लासमध्ये गणित शिकवतो. तो म्हणाला होता, "आबा, मोबाईलमध्ये टाका ना डाव. एका सेकंदात सांगते." मी ते किसनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगू दे. मोबाईलनं दाखवलेली चूक आपल्या अंगाले लागत नाई." मला पटलं. आजही पटतं, आणि तेच तर दुखणं आहे.

वर्षभर आमचा हा एक नेमच झाला. दुसरे डाव व्हायचे, पण उठायच्या आधी एकदा छप्पनची वाट चालून पाहायची. मी पाठ करून घेतली. जीवनराव पुन्हा समोर येऊ देत, एवढंच मी मागत होतो.

दिवाळीनंतर किसनराव म्हणाले, "होले, या वर्षी मी पन नाव देतो."

मला इतका आनंद झाला की त्यांचा फॉर्म मीच भरला. पंच्याहत्तरीत पहिली स्पर्धा. ललितावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घड्याळ वाजलं अन् हे गाडी सोडा म्हनाले तं सांभाळून घ्या."

स्पर्धा दोन दिवसांची, सहा फेऱ्या. किसनरावांनी पहिल्या दिवशी तीनपैकी तीन जिंकले. घड्याळाकडे पाहायचेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच फेऱ्या होईतो त्यांचे चार गुण, माझेही चार. जीवनराव कुठं खाली राहून गेले. शेवटच्या फेरीचा कागद भिंतीवर लागला. तिसरं टेबल. पांढरे: मी. काळे: किसनराव तायडे.

मी हसत त्यांच्याकडे गेलो. "किसनराव, दहा चाली खेळू, बरोबरी घेऊ अन् चहा पिऊ."

"नाई," ते म्हणाले. "खेळू."

जो जिंकेल तो पहिल्या तिघांत येणार होता. मी म्हटलं, ठीक आहे, खेळू.

पहिली चाल, दुसरी, पाचवी. सातव्या चालीला माझ्या ध्यानात आलं की हे सगळं ओळखीचं आहे. काळ्याकडून जीवनराव जे खेळले होते, तेच किसनराव खेळून राहिले होते. नववी तीच. अकरावी तीच. वर्षभर ज्या गल्लीतून मी रोज चालत होतो, त्याच गल्लीत हा माणूस स्वतःच्या राजाला घेऊन येऊन उभा राहिला.

मला काय वाटलं ते लिहायला संकोच होतो, पण लिहितो. मला वाटलं, हे मला डाव देऊन राहिले. स्वतःच्या पहिल्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, माझी वर्षभराची मेहनत वाया जाऊ नये म्हणून. आपल्याला कोण असं देतं? माझे डोळे भरून आले. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. एकदा मनात आलं की वेगळं काही खेळावं, एवढं मोठं दान घेऊ नये. मग वाटलं, न घेणं म्हणजे त्यांचा अपमान.

मी उंट छप्पनवर मारला.

त्यांनी राजानं उंट उचलला. मी घोडा एकोणचाळीसवर, शह. राजा पुढे, सत्तेचाळीसवर. वजीर माझा एकतिसावर. इथपर्यंत आमची पायवाट. आता त्यांनी प्यादं ढकलायचं, मी वजीर सरकवायचा, आणि काळा संपणार. 'काळ्याला प्यादं ढकलण्याशिवाय काही नाही' हे वाक्य वहीत त्यांच्याच अक्षरात होतं.

त्यांनी घोडा उचलला आणि सदतिसावर ठेवला. घड्याळ दाबलं. मान वर केली नाही.

सदतीस म्हणजे पटाच्या मधलं घर. तिथं माझं प्यादं बसलेलं, त्याच्या पाठीशी दुसरं प्यादं पहाऱ्याला. तिथं घोडा टाकणं म्हणजे घोडा देऊन टाकणं, म्हणून आम्ही त्या घराकडे कधी पाहिलंच नव्हतं. निदान मी पाहिलं नव्हतं. पण घोडा तिथं बसला की तो माझ्या वजिरावर येतो. मी घोड्यामागून शह द्यावा तर त्यांचा घोडा माझा वजीरच खाऊन टाकतो. माझी सगळी पायवाट त्या एका घोड्यानं नांगरून टाकली.

मी घाबरून प्याद्यानं घोडा मारला. त्यांनी एकोणचाळीसवरचा माझा घोडा खाल्ला, घोड्याला घोडा गेला, उंट तर मी आधीच देऊन बसलो होतो, आणि हल्ला विरला. मग उरली नुसती प्यादी मोजायची लढाई, आणि त्यात किसनरावांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. बावन्नाव्या चालीला मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला. त्यांचा तळवा ओला होता.

बाजूच्या खोलीत आम्ही पट मांडला. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडे गेले. हरणारा आधी बोलतो.

"प्याद्यानं घोडा मारला, तिथं माझा हात सुटला," मी म्हणालो. आणि रीतीत नव्हतं ते विचारलं. "किसनराव, हे सदतीस कवा सापडलं तुमाले?"

"आत्ताच. पटावर."

"घड्याळात दहा सेकंदपन गेले नाई तुमचे."

ते सोंगट्या सरळ करत राहिले. प्रत्येक सोंगटी घराच्या मध्ये बसवली. मग म्हणाले, "होळीच्या बाद."

होळी ते डिसेंबर. नऊ महिने. आणि त्या क्षणी मला आठवलं की होळीपासून, आम्ही त्या चालीपाशी आलो की किसनराव आत आवाज द्यायचे, "ललिता, चहा टाक." दर गुरुवारी, त्याच चालीला. चहा आला की पट बाजूला. मला वाटायचं, म्हाताऱ्याला तलफ आली.

"अन् भेव?" मी विचारलं. "जिंकनाऱ्यानं सांगाचं असते. कुठं वाटलं भेव?"

"नाई वाटलं," ते म्हणाले. "कुठंच नाई."

त्यांना ढाल मिळाली, तिसऱ्या नंबरची. फोटो काढताना ते माझ्याकडे पाहत होते की कॅमेऱ्याकडे, सांगता येत नाही. त्या दिवशी ते एकटेच गाडीनं गेले. थर्मास त्यांनी माझ्याजवळच ठेवून दिला, विसरून की कसं, देव जाणे. मी मनोजकडे मुक्काम केला.

जेवताना मनोजनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यानं फोन काढला. "चाली सांगा." मी सगळ्या बावन्न चाली सांगितल्या, तोंडपाठ. सदतिसावरच्या घोड्यापाशी त्यानं फोन माझ्याकडे वळवला. एक निळा बाण दिसत होता. माझा वजीर एकतिसावरून तेविसावर. एकच घर मागे.

बस. वजीर एक घर मागे घेतला की त्याला घोड्याचा धोका नाही, आणि राजावरचं निशाण तसंच कायम. घोडा खायला माझं प्यादं तयारच. मनोज म्हणाला, "आबा, तुमी हरत नोते. बरोबरी होती, कदाचित थोडं चांगलंच होतं."

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. जो माणूस नऊ महिने सदतिसावर एकटा बसून राहिला, त्याला तेवीस दिसलं नसेल?

आणि आणखी एक. असाच फोन नऊ महिने माझ्याही खिशात होता. मनोजनं तेव्हाच सांगितलं होतं की एका सेकंदाचं काम आहे. मी केलं नाही, कारण समोर माणूस बसलेला होता.

पुढच्या गुरुवारी फुलं टाकून मी गेलो. ढाल फोटोंच्या खाली ठेवलेली होती, अजून प्लॅस्टिकमध्येच. मी थर्मास ललितावहिनींच्या हातात दिला, सतरंजीवर बसलो, आणि ती जागा मांडली. घोडा सदतिसावर. मग माझा वजीर उचलून तेविसावर ठेवला.

किसनरावांनी पाहिलं. फार वेळ नाही.

"ठाऊक होतं मले," ते म्हणाले. "तू प्यादं हातात घेईतो माहा जीव इथं होता." त्यांनी गळ्याला बोट लावलं.

"मंग म्हनले काहून नाई? मी विचारलं होतं तुमाले. भेव कुठं वाटलं म्हनून."

"सांगितलं असतं तं तू घरी जाऊन म्हनला असता, मी हरलोच नोतो."

"नोतोच."

"पाह्य, म्हनलाच."

ललितावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही.

मी म्हणालो, "डावात मारलं त्याचं मले काही नाई किसनराव. माराच. पन नऊ महिने माह्यासंग बसून 'काळा संपला, काळा संपला' म्हनत राहिले. वहीत लिहून ठेवलं. ते डाव नोता. ते घर होतं आपलं."

"तुहं घर," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"अकोल्याचा कप आनला तू. गावात तुहा सत्कार झाला. शाल, नारळ. मी मांडवात मागच्या खुर्चीवर होतो. सरपंच म्हनले, आबा दोन शब्द बोला. काय बोलला तू?"

ही गोष्ट मी वर सांगितली नाही. आठवली नव्हती असं लिहिणार होतो, पण आठवली होती. मला बोलायला उभं केलं की मी थांबत नाही, हे सगळं गाव जाणतं. त्या दिवशी मी शेवंतीपासून सुरुवात केली, पहाटेच्या गाडीवर आलो, लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या भरात मी म्हणालो की जिंकायची ती चाल मी पहाटे फुलं तोडता तोडता शोधून काढली. ती चाल किसनरावांची होती. वहीत तारखेसकट आहे. त्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं. परत जाताना ते मला म्हणाले होते, "भाषन चांगलं झालं." मी खूश झालो होतो.

"ते बोलन्याच्या नादात झालं," मी म्हणालो.

"असन. त्याची फेरतपासणी काही झाली नाई आपली." ते वही गुडघ्यावर घेऊन बसले होते, उघडली नव्हती. "चाळीस वर्षं जे सापडलं ते तुले सांगितलं. होळीच्या बाद हे सदतीस सापडलं तवा मले पहिल्यांदा वाटलं, सांगू नाई. एक राहू दे. सांगितलं की ते तुहं होते."

"माही चूक सांगून मले मारलं असतं तं चाललं असतं. फसवून काहून?"

"फसवल्याबिगर तू कुठं आला असता त्या गल्लीत."

त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही दिसत नव्हतं. माझा गुन्हा मला कबूल आहे. सत्काराची गोष्ट त्यांनी तेव्हाच तोंडावर मारली असती तर मी गावाच्या चावडीत उभा राहून चूक दुरुस्त केली असती. बोलायला मला काय लागतं. पण तो हिशोब त्यांनी ज्या जागी चुकता केला, ती जागा मला सोसत नाही. सगळ्या जगात मी दोनच ठिकाणी खरं बोलायचो: एक डॉक्टरसमोर, आणि एक त्या सतरंजीवर. आणि ती सतरंजी त्यांनीच अंथरलेली होती.

दीड महिना मी गेलो नाही. गुरुवारी फुलं टाकायची आणि सरळ घरी यायचं. घरी करमेना. नातवाला पट शिकवायला बसलो तर त्याला एक नंबर, दोन नंबर सांगताना जीभ अडखळायची.

फेब्रुवारीत ललितावहिनींचा फोन आला. "भाऊजी, गिलके आहेत काय मळ्यात?" एवढंच विचारलं. मी गिलके घेऊन गेलो. "जय भीम किसनराव" म्हणालो, ते "ये रे होले" म्हणाले, आणि आम्ही पट मांडला.

तेव्हापासून पुन्हा जातो. डाव होतो. ते कधी जिंकतात, कधी मी. संपला की ते डबा पुढे करतात आणि आम्ही सोंगट्या आत टाकतो. मग त्यांची मुलगी दीपमाला अकोल्याच्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्या बदलीचं बोलतो, माझ्या शेवंतीवरच्या मावा किडीचं बोलतो. गेल्या महिन्यात मी एकच चूक लागोपाठ तीन डावांत केली. तिसऱ्या वेळी त्यांचं बोट उचललं गेलं, पटाकडे निघालं, आणि त्यांनी ते कानाकडे नेऊन कान खाजवला.

मागच्या गुरुवारी मी हरलो. लांबलेला, चांगला डाव होता. हात मिळवून मी डब्याकडे वळलो तर किसनराव सोंगट्या गोळा करत नव्हते, पहिल्या जागी मांडून राहिले होते. हत्ती, घोडा, उंट. माझी बाजूही त्यांनीच मांडली. मग खाली पाहतच म्हणाले, "होले, पाह्यचं काय एकदा?"

विसाव्या चालीच्या आसपास त्यांना भीती वाटली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला होता. आता मी बसलो असतो तर त्यांनी ती जागा सांगितली असती, किंवा दुसरीच कुठली दाखवली असती. दोन्हींत फरक कसा करायचा, हे मला आता येत नाही. आणि माझी पाळी आली की मीही खरी जागा सांगीन, याची मला खात्री वाटेना.

"काळीपिवळी भरत आली असन," मी म्हणालो. "निघतो."

तीनच्या उन्हात काळीपिवळी जीप तासभर भरत नाही. ते "बरं" म्हणाले. मी पायरीवर बसून चपला घातल्या. मागं एक-एक सोंगटी डब्यात पडल्याचा आवाज येत होता. अड्ड्यावर गेलो, रिकाम्या गाडीत खिडकीशी बसलो, आणि पाऊण तास बाकीचे पॅसेंजर यायची वाट पाहत राहिलो.